नाव्ह्याचा वेढा



वाशीमहून हिंगोलीला निघाले की वाटेत पैनगंगा ओलांडावी लागते. आज नदीच्या अलीकडे वाशीम जिल्हा आणि पलीकडे हिंगोली जिल्हा. दोन्ही काठांवर तीच काळी माती, तेच कापूस-तुरीचे पीक, आणि लेकीबाळी या काठाच्या त्या काठाला दिलेल्या. पण गावातल्या जुन्या माणसांना विचारा. ते सांगतील, की एके काळी ही नदी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा रुपया चाले आणि पलीकडे मोगलाईत निजामाचा हाली सिक्का. १८५३ साली पडलेली ही रेघ १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा कुठे पुसली गेली.

ही रेघ पडली कशी? कोणी म्हणेल, इंग्रजांनी लढाई मारली आणि मुलूख घेतला. तसे झाले नाही. वऱ्हाड इंग्रजांकडे गेले ते एका फौजेच्या थकलेल्या पगारापायी. ती फौज काय कामाची होती, ती कोणाशी लढली आणि तिचा खर्च अखेर कोणाच्या डोक्यावर बसला, हे समजायचे असेल तर याच पैनगंगेच्या खोऱ्यात १८१९ साली झालेली एक लढाई आपण नीट पाहिली पाहिजे. पानिपत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. नाव्ह्याचे नाव मात्र त्यांनी ऐकलेलेही नसते. म्हणून आज नाव्ह्याची गोष्ट.

पहिल्याने मुलूख ध्यानात घ्या. वऱ्हाडाचे दोन भाग. पूर्णेच्या काठची सपाट, सुपीक जमीन ती पयानघाट. आणि दक्षिणेकडचा चढणीचा, डोंगराळ भाग तो बालाघाट. वाशीम आहे बालाघाटात. इथे डोंगरांच्या सोंडा पैनगंगेपर्यंत उतरतात. जंगल, गवत, ओढे-नाले आणि अवघड घाट. असल्या मुलखात नांगरापेक्षा मेंढरू आधी पोचते. इथल्या डोंगरपट्ट्यात हटकर लोक नांदत होते. हटकर म्हणजे धनगर समाजातलीच एक लढाऊ शाखा. त्यांना बरगी धनगर असेही म्हणत. घोंगडी आणि भाला ही त्यांची खूण. वाशीम-हिंगोलीच्या या भागाला ‘बारा हट्टी’ असे नाव होते, आणि हटकरांच्या बारा शाखा इथे येऊन वसल्या त्यावरून ते पडले, असे परंपरा सांगते.

अकबर बादशहाच्या कारकिर्दीत मोगलांनी वऱ्हाड घेतले. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वाशीम सरकारची नोंद आहे. त्या काळी ‘सरकार’ म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. तिथल्या हटकरांविषयी अबुल फजल लिहितो, की हे लोक मानी आहेत, सहजी ऐकणारे नाहीत, आणि त्यांच्याजवळ एक हजार घोडा आणि पाच हजार पायदळ आहे. दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात बसलेल्या माणसाला वाशीमच्या डोंगरातल्या मेंढपाळांची दखल घ्यावी लागली, यावरूनच त्यांचे वजन कळते.

आता एक गोष्ट समजून घेऊ. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यात राज्यकर्त्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. शेतकऱ्याचे शेत जागचे हलत नाही. पीक खळ्यावर आले की वसुली कारकून दारात उभा. मेंढपाळाचे धन चार पायांवर चालते! आज या माळावर, उद्या त्या खोऱ्यात. त्याच्यावर कर बसवायचा तर आधी त्याला गाठायला हवे. म्हणून ज्या ज्या देशात नवे, घट्ट राज्य उभे राहिले, तिथे तिथे त्याची भटक्या पशुपालकांशी कधी ना कधी गाठ पडलीच.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अरबस्तानात सापडते. इसवी सन ६३० मध्ये महंमद पैगंबरांनी मक्का घेतली. लागलीच हवाझिन नावाची मोठी बदाऊनी टोळी त्यांच्यावर चालून आली. बदाऊनी म्हणजे वाळवंटातले उंट-मेंढ्या पाळणारे भटके अरब. हुनैनच्या खोऱ्यात लढाई झाली. हवाझिनांचा सरदार मलिक इब्न औफ याने बायकामुले आणि सगळी गुरेढोरे लढाईच्या जागी बरोबर आणली होती. आपले सर्वस्व पाठीशी उभे असले म्हणजे कोणी पळणार नाही, हा त्याचा हिशेब. पहिल्या झटक्याला अरुंद खिंडीत दबा धरून बसलेल्या बदाऊनींनी मुसलमान सैन्याची फळी मोडली. परंतु ती पुन्हा सावरली आणि हवाझिन हरले. परंपरेने सांगितलेली हकीगत अशी, की त्यांची सुमारे सहा हजार माणसे कैद झाली आणि पुढे बोलणी होऊन ती सोडून देण्यात आली.

दोन वर्षांनी, ६३२ साली, पैगंबरांचे निधन झाले. तेव्हा कित्येक टोळ्या म्हणाल्या, आता आम्ही मदीनेला जकात देणार नाही. ही जकात म्हणजे धर्माने लावलेला वाटा. चाळीस मेंढ्या असतील तर त्यातली एक द्यावी, असा तिचा नियम. खलिफा अबू बक्र यांनी ती सोडली नाही, आणि त्यावरून वर्षभर युद्धे पेटली. पाहा, धर्माचा प्रश्न होताच. पण चाळिसातली ती एक मेंढी कोणाच्या हुकमाने जायची, हाही प्रश्न त्यात होता.

तुम्ही म्हणाल, कुठे अरबस्तान आणि कुठे पैनगंगा! पण गंमत अशी, की नाव्ह्याच्या गढीत खरोखरीचे अरब होते. ते कसे आले?

अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला, आज जो येमेन देश आहे त्यात, हद्रमौत नावाचा कोरडा प्रांत आहे. तिथे पाऊस कमी, शेती थोडी आणि टोळ्यांची भांडणे फार. तिथली जवान पोरे गलबतात बसून पोट भरायला हिंदुस्थानात येत. इथे त्यांना एक काम हमखास मिळे, ते म्हणजे शिपाईगिरी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम, पेशवे, नागपूरकर भोसले अशा सगळ्यांच्या पदरी अरबांची पथके होती. किल्ला किंवा गढी राखण्यात अरबाचा हात कोणी धरत नसे. त्याला पगार इतर शिपायांपेक्षा जास्त पडे. पगार थकला तर तो मालकाच्याच दारात धरणे देऊन बसे; पण एकदा तटावर उभा राहिला की बाकी चुकती झाल्याशिवाय खाली उतरत नसे, अशी त्याची ख्याती होती.

ही ख्याती इंग्रजांनी दोनदा अनुभवली. १८१७ च्या डिसेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज नागपूरला हरली. तरी शहरातले अरब हटले नाहीत. २४ डिसेंबरला इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवला, आणि अटी ठरवून घेऊन ३० तारखेला ते बाहेर पडले. पुढे १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावच्या किल्ल्यात तेच घडले. हे मालेगाव म्हणजे आपल्या जिल्ह्यातले मालेगाव नव्हे, नाशिककडचे. तिथल्या अरबांनी महिनाभर किल्ला लढवला आणि दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाल्यावरच ते शरण आले.

ही झाली तटावरच्या माणसांची कथा. आता तटाखाली कोण होते ते पाहू.

१८०३ साली अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांनंतर देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे आले. त्याआधी तिथे दुअमली होती. एकाच गावातून निजामाचाही वसूल जाई आणि भोसल्यांचाही. कारभार कोणाचाच धड नव्हता. हैदराबादेत हेन्री रसेल नावाचा इंग्रज रेसिडेंट होता. त्याने निजामाच्या जुन्या विस्कळीत फौजेऐवजी कवायती पलटणी उभ्या करायला लावल्या. १८१३ पासून ‘रसेल ब्रिगेड’ हे नाव पुढे आले. वऱ्हाडातही अशाच पलटणी झाल्या. यांचे शिपाई देशी, अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. पुढे याच फौजेला ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणू लागले.

आता १८१८ साल घ्या. बाजीराव पेशवे पुढे आणि इंग्रज मागे, अशी पळापळ याच मुलखातून झाली. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ पेशव्यांच्या फौजेची वाताहत झाली. ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. पेशवाई संपली, पण पेशव्यांच्या आणि भोसल्यांच्या पदरचे हजारो शिपाई एकाएकी बिनचाकरीचे झाले. त्यांत अरबही होते. हातात बंदूक आहे आणि महिना देणारा धनी नाही, अशी माणसे मोकळी फिरू लागली म्हणजे जो कोणी भाकर देईल त्याच्याकडे ती जाणारच.

पैनगंगेच्या खोऱ्यात अशी भाकर देणारा एक माणूस होता, नोवसाजी नाईक हटकर. उमरखेडच्या भागात त्यांचा जोर होता. हे उमरखेड आज यवतमाळ जिल्ह्यात असले, तरी १९०५ पर्यंत ते जुन्या वाशीम जिल्ह्यातच मोडत होते. नोवसाजींच्या भोवती त्यांचे हटकर भाऊबंद होते आणि पगारी अरबही होते. निजामाचे आमील, म्हणजे वसुलीचे अधिकारी, त्यांच्या मुलखात पाऊल टाकायला कचरत.

इंग्रजी कागदांत नोवसाजींना लुटारू म्हटले आहे. आज त्यांच्या समाजात ते स्वातंत्र्यासाठी लढलेले वीर म्हणून मानले जातात. आपण काय समजावे? गुरुजींनी हा प्रश्न मुलांपुढे मोकळेपणाने ठेवावा. त्या काळी डोंगरातले नाईक गावांकडून जे घेत, त्याला नाईक म्हणे राखणीचा हक्क आणि सरकार म्हणे लूट. सरकार जे घेई त्याला सरकार म्हणे सारा. आणि कुणब्याला विचारले असते तर त्याने दोन्हींना एकच नाव दिले असते. दोन्ही वाटे त्याच्याच कणगीतून जात होते. शब्द कोणता वापरला जातो, हे लिहिणारा कोणाच्या बाजूला बसला आहे त्यावर ठरते.

१८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन निजामाच्या पलटणी, घोडदळ आणि तोफा घेऊन नोवसाजींवर चालून गेला. नोवसाजींचा भरवसा नाव्ह्याच्या गढीवर होता. पलटणींनी तिला वेढा घातला.

आपल्याकडे कितीतरी गावांत पडक्या गढ्या आहेत, म्हणून वेढा कसा चाले ते मुलांना समजावणे सोपे आहे. गढीचा तट मातीचा आणि चांगला जाड. दगडी भिंत तोफेच्या गोळ्याने तडकते, पण पांढऱ्या मातीचा जाड तट गोळा पोटात घेऊन तसाच उभा राहतो. कोपऱ्यांना बुरूज, तटात बंदुकी रोखायला जंग्या, बाहेर खंदक. वेढा घालणारा उघड्यावरून धावत गेला तर जंग्यांतून टिपला जाई. म्हणून तो रात्री जमीन खणून वाकडेतिकडे चर काढी आणि त्या चरांच्या आडोशाने पावलापावलाने पुढे सरके. जवळ आला की तोफांचा मोर्चा बांधून एकाच जागी मारा धरी, किंवा तटाखाली भुयार नेऊन त्यात दारू ठासून सुरुंग उडवी. तटाला खिंडार पडले की मग हल्ला. आतले लोकही स्वस्थ बसत नसत. रात्री-बेरात्री बाहेर पडून ते चरांवर तुटून पडत.

नाव्ह्याला ही झुंज जानेवारीअखेरपर्यंत चालली. शेवटी खिंडारातून पलटणी आत घुसल्या. आतल्या अरबांनी हातघाईची लढाई दिली. तटावरची बहुतेक माणसे मारली गेली. जिवंत सापडली ती थोडी. खालच्या शिपायांचीही हानी बरीच झाली. नोवसाजी नाईक पकडले गेले. त्यांना हैदराबादेस नेण्यात आले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला.

लढाई संपली. पण तिचा हिशेब तिथे संपला नाही.

पहिला हिशेब मानाचा. लढलेल्या काही पलटणींना ‘नोवाह’ हा लढाईचा सन्मान मिळाला. पुढे १९०३ साली या पलटणी हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात मिसळल्या, तेव्हाही हे नाव त्यांच्याबरोबर गेले. खोऱ्यातले एक लहानसे गाव फौजेच्या इतिहासात असे नोंदले गेले. तटावर मेलेल्या हटकरांची आणि हद्रमौतच्या पोरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

दुसरा हिशेब पैशाचा. कवायती फौज उभी राहिली, तिला दरमहा रोख पगार हवा. निजामाच्या खजिन्यात तेवढी रोकड येत नव्हती. मग दिवाणी कारभार सांभाळणाऱ्या चंदुलालने कर्ज काढले. हैदराबादेत विल्यम पामर कंपनी नावाची पेढी होती, तिच्याकडून जबर व्याजाने पैसा उचलला आणि फौजेचा पगार भागवला. कर्ज फेडायचे तर वसूल वाढवला पाहिजे. मग परगणे मक्त्याने द्यायचे, मक्तेदाराने रयत पिळायची. लढाई संपल्यावरही फौज मोडली नाही. ती हिंगोलीला आणि एलिचपूरला छावणी करून राहिली, आणि तिच्या खर्चाचा मीटर चालूच राहिला. पामर कंपनीची बाकी १८२३ साली कशीबशी मिटवली, तर पुढे खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचेच देणे चढत गेले. १८५३ पर्यंत ते पन्नास लाख रुपयांच्या जवळ पोचले. तेव्हा २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि फौजेच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. आपल्याकडे सावकाराला शेत गहाण देतात ना, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे गहाण पडली ती हजारो गावे, आणि त्या गावांना कोणी विचारले नव्हते.

तेव्हापासून पैनगंगा सरहद्द झाली. १९०२ साली दरसाल २५ लाख रुपये ठरवून हे गहाण कायमच्या पट्ट्याने पक्के करण्यात आले. मधल्या काळात वाशीम हा वेगळा जिल्हा होता. तो १९०५ साली मोडला आणि वाशीम अकोल्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा उभा राहिला. या सगळ्या फिरवाफिरवीचा एक धागा मागे नेला, तर तो नाव्ह्याच्या तटाखाली उभ्या असलेल्या त्या पगारी पलटणींपर्यंत जातो.

अरबांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळसे हैदराबादेत राहिले. तिथला बारकस हा मोहल्ला त्यांच्या बराकींवरून ओळखला जातो आणि त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. उमर बिन अवध अल-कुऐती नावाचा एक जमादार तर आधी नागपुरास आणि मग हैदराबादेस चाकरी करून एवढा श्रीमंत झाला, की त्या पैशाच्या बळावर त्याच्या घराण्याने मायदेशी, हद्रमौतात, आपले राज्य मांडले. ते १९६७ पर्यंत टिकले. म्हणजे आपल्याकडच्या कुणब्याचा सारा एका बाजूने पलटणींच्या पगारात गेला आणि दुसऱ्या बाजूने समुद्रापार जाऊन त्याचे राज्य झाले. त्या कुणब्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक, की यंदा सारा वाढला.

आणि हटकर? ते इथेच आहेत. नदीकाठच्या गावांत त्यांची शेतीवाडी आहे, मेंढरे आहेत.

गुरुजनहो, ही लढाई शिकवताना सनावळी पाठ करून घेण्यावर थांबू नका. फळ्यावर पैनगंगा काढा. वाशीम, रिसोड, हिंगोली, उमरखेड, हदगाव ही गावे मुलांकडून भरून घ्या. मग तीन प्रश्न विचारा. तटावरच्या शिपायाला पगार कोण देत होता? तटाखालच्या शिपायाला कोण देत होता? आणि त्या दोन्ही पगारांचा पैसा मुळात कोणाच्या शेतातून आला होता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतील. तिसऱ्याचे उत्तर द्यायला मुलांना थोडा वेळ द्या. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्या उत्तरात असतील.